न पाहिलेल्या प्राण्याचें चित्र

चित्रकलेंत सर्वांत अवघड काय आणि सर्वांत सोपें काय, असा प्रश्न चीनमधील एका राजानें आपल्या दरबारीं चित्रें काढणाऱ्या कलावंताला विचारल्याची गोष्ट हान फेइ या विचारवंताच्या ग्रंथांत आहे. हा ग्रंथ इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकांतला. कलावंतानें उत्तर दिलें तें असें, कीं कुत्रा आणि घोडा हे सर्वांत अवघड. कारण लोक त्यांना सकाळसंध्याकाळ पाहतात आणि रेघ जरा चुकली तरी ती त्यांच्या ध्यानांत येते. भुतेंखेतें मात्र सर्वांत सोपीं. तीं कोणी पाहिलेलीं नसतात, म्हणून चुकलें कोठें हें कोणालाहि सांगतां येत नाहीं.

उत्तर चतुर आहे. पण पुरतें खरें नाहीं. घरांतलें आठदहा वर्षांचें मूल वहीच्या शेवटच्या पानावर ड्रॅगन काढूं लागतें, तेव्हां वडील माणसें बहुधा त्याच चिनी कलावंताचें मत बोलून दाखवितात: कसाहि काढ, कोणी पाहिला आहे? मूल कसाहि काढतें. सुसरीसारखें लांब अंग, पाठीवर दोन त्रिकोणी पंख, तोंडांतून जाळ. पंधरा दिवस हा खेळ चालतो, आणि मग तेंच मूल कुरकुर करूं लागतें कीं हा खरा वाटत नाहीं. या तक्रारीला हंसूं नये. ती योग्य आहे, आणि चित्रकला शिकण्याचा आरंभ पुष्कळदां अशाच तक्रारींतून होतो. ड्रॅगन कोणी पाहिलेला नसला तरी मान, खांदा, पंजा, पंख, शेपूट हे अवयव प्रत्येकानें हजारों वेळां पाहिलेले असतात. ते पंख पाठीवर नुसते डकविलेले आहेत, त्यांच्या मुळाशीं खांदा नाहीं, आणि ते हलतील तर कशाच्या जोरावर याला चित्रांत उत्तर नाहीं, हें मुलाच्या डोळ्याला कळतें. फक्त शब्दांत सांगतां येत नाहीं.

याचें उत्तम उदाहरण शोधण्यासाठीं महाराष्ट्रांतील घरांना लांब जावें लागत नाहीं. गणपतीची आकृति घ्यावी. देवता म्हणून तिचा विचार येथें कर्तव्य नाहीं. केवळ तिची घडण पाहावयाची आहे. हत्तीचें मस्तक मनुष्याच्या धडावर बसवावयाचें म्हणजे अत्यंत विषम अशा दोन वस्तु जोडावयाच्या. तरीहि चांगल्या मूर्तीकडे पाहतांना हा जोड कोणाला खुपत नाहीं. कारण मूर्तिकार मान जवळजवळ नाहींशीच करतो. रुंद कान खांद्यांवर येऊन टेकतात. सोंड गळ्यावरून उतरून छातीपोटाशीं मिळते. आणि पोट मोठें असल्यामुळें मस्तकाचा भार तोललेला दिसतो. आतां त्याच मस्तकाखालीं लांब मान आणि एखाद्या मल्लाचें सपाट पोट काढून पाहावें. लगेच मुखवटा घातलेला माणूस दिसूं लागतो! सारें कौशल्य आहे तें सांध्यांत. हत्तीचें डोकें पुष्कळांना काढतां येतें, माणसाचें धडहि येतें; दोहोंच्या मधली चार बोटें जागा ज्याला साधली, त्यालाच मूर्ति साधली.

यूरोपांत हा विचार सर्वांत स्पष्टपणें मांडला तो लिओनार्दो दा व्हिंची यानें. कल्पित प्राण्याचा प्रत्येक अवयव कोणत्या ना कोणत्या खऱ्या प्राण्याच्या अवयवासारखा असल्यावांचून तो प्राणी स्वाभाविक दिसणार नाहीं, असें त्यानें आपल्या टिपणांत नमूद केलें आहे. आणि ड्रॅगन काढावयाचा तर डोकें शिकारी कुत्र्याचें, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, भुवया सिंहाच्या, मान कांसवाची, अशी यादीहि दिली आहे. त्याच्या तरुणपणाची एक गोष्ट व्हासारी या चरित्रकारानें १५५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सांगितलेली आहे. लिओनार्दोच्या वडिलांच्या शेतावरील एका कुळानें अंजिराच्या लांकडाची एक गोल ढाल केली होती आणि तिच्यावर कांहीं तरी रंगवून हवें होतें. लिओनार्दोनें पाहणाऱ्याची गाळण उडेल असा प्राणी रंगविण्याचें ठरविलें. आणि मग त्यानें काय केलें, तर आपल्या खोलींत पाली, रातकिडे, साप, फुलपांखरें, टोळ आणि वटवाघुळें आणून ठेवलीं. काम इतके दिवस चाललें कीं मेलेल्या प्राण्यांची दुर्गंधि असह्य झाली, परंतु कामाच्या नादांत त्याला ती जाणवली नाहीं. ढाल पाहून वडील दचकून मागें सरले. त्यांनीं कुळाला बाजारांतली दुसरीच ढाल घेऊन दिली, आणि मुलानें रंगविलेली गुपचूप शंभर डुकाटांना व्यापाऱ्यांस विकली! व्हासारीच्या गोष्टी जशाच्या तशा मानाव्या असें नाहीं, आणि ती ढालहि आज उपलब्ध नाहीं. परंतु या गोष्टींतील खोली लक्षांत ठेवण्यासारखी आहे. भयंकर प्राणी सुचावा म्हणून तो डोळे मिटून बसला नाहीं. त्यानें पाली गोळा केल्या.

पूर्वेकडे हीच युक्ति त्याच्यापूर्वीं कित्येक शतकें रूढ होती. चिनी ड्रॅगनला नऊ प्राण्यांचीं साम्यें असावीं असें तेथील परंपरा सांगते: शिंगें सांबराचीं, डोकें उंटाचें, मान सापाची, पोट शिंपल्याचें, खवले कार्प माशाचे, नखें गरुडाचीं, तळवे वाघाचे, कान बैलाचे. आपल्याकडील रोहू कार्पच्याच कुळांतला, तेव्हां हे खवले मासळीबाजारांतहि पाहतां येतात. नववा अवयव डोळे; ते मात्र राक्षसाचे सांगितलेले आहेत, आणि कांहीं याद्यांत सशाचे! नऊ अवयवांपैकीं एकाचाच नमुना बिचाऱ्या चित्रकाराला दाखवितां आला नसता. या ड्रॅगनला बहुधा पंख नसतात, तरी तो उडतो. आणि तें पटतें, कारण त्याचें लांब अंग पाण्यांत पोहणाऱ्या सापासारखें ढगांतून वळसे घेत जातें. चेन रोंग यानें १२४४ साली काढलेला नऊ ड्रॅगनांचा गुंडाळपट आज अमेरिकेंत बोस्टन येथील संग्रहालयांत आहे. त्यांत शाईचे ढग आणि लाटा यांमधून कोठें डोकें, कोठें पंजा, कोठें पाठीचा वळसा तेवढा दिसतो. नवशिक्या मुलाला वाटेल कीं अवघड भाग ढगाआड लपविण्याची ही सोय आहे. तें खरेंहि आहे. परंतु ढगाआड गेलेली पाठ पुढें नेमकी कोठून बाहेर पडेल, हें ज्याला ठाऊक असतें त्यालाच ती लपवितां येते.

ओडिशांत नवगुंजर म्हणून एक रूप आहे. सारळादासाच्या उडिया महाभारतांत तें अर्जुनाला दिसतें. कोंबड्याचें डोकें, मोराची मान, बैलाचें वशिंड, सिंहाची कंबर, सापाचें शेपूट. आणि चार पायांपैकीं एकाच्या जागीं चक्क माणसाचा हात. तेथील पटचित्रांत हें रूप आजहि काढलें जातें. चीन आणि ओडिशा या दोन्ही ठिकाणीं संख्या नऊच यावी, हा कदाचित् योगायोग असेल.

मकराचें कुळ याहून जुनें. इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या शतकांतील भारहूतच्या कठड्यावर तो कोरलेला आहे. गंगेचें व वरुणाचें तो वाहन, आणि कामदेवाच्या ध्वजावर त्याचेंच चिन्ह. सुसरीचा जबडा आणि हत्तीची सोंड एकत्र येऊन त्याचें तोंड होतें, आणि हळेबीडसारख्या होयसळ मंदिरांत त्याची शेपटी मोराच्या पिसाऱ्यासारखी फुलून वेलबुट्टींत विरून जाते. हें विरून जाणें फार मार्मिक आहे. प्राण्याचें अंग कोठें तरी संपवावें लागतें आणि संपविणें अवघड असतें. शिल्पकारानें तें संपविलेंच नाहीं, त्याची वेल केली. कीर्तिमुखाच्या बाबतींत तर पुराणकथेनेंच शिल्पकाराची अडचण दूर केलेली आहे. जालंधराचा दूत होऊन आलेल्या राहूला खाण्यासाठीं शंकरानें एक भयंकर प्राणी उत्पन्न केला; राहूनें अभय मागितलें; तेव्हां भुकेल्या प्राण्यानें खावें काय? शंकराच्या आज्ञेनें तो स्वतःलाच खाऊं लागला आणि अखेर मुख तेवढें उरलें. धडच नाहीं, म्हणून सांधाहि नाहीं! मंदिराच्या उंबऱ्यावर हें मुख सहस्र वेळां ओलांडलें जातें, परंतु वाकून पाहणारे थोडे. पाहिल्यास असें दिसतें, कीं त्याला बहुधा खालचा जबडाच नसतो, आणि तरीहि सिंहाचा चेहरा तेथें आहे याविषयीं शंका उरत नाहीं. बाहेर आलेले डोळे, नाकाजवळच्या वळ्या आणि वरचे दांत एवढेच बिनचूक असले कीं पुरे होतें.

व्यालाची गोष्ट नवशिक्याला अधिक उपयोगी आहे. भोजाच्या नांवावर असलेल्या समरांगणसूत्रधार या अकराव्या शतकांतील ग्रंथांत व्यालाचे सोळा प्रकार सांगितले आहेत. नांवें सोळा असलीं तरी मंदिरांच्या भिंतींवरील व्याल निरखून पाहिले म्हणजे ध्यानांत येतें, कीं अंग बहुतेकांचें सिंहाचें आहे. मुख तेवढें हत्तीचें, घोड्याचें, पोपटाचें, माणसाचें असें बदलतें. म्हणजे एक अंग पुरतें हस्तगत करावें आणि मग त्यावर मुखें पालटावीं, अशी ही अभ्यासाची शिस्त. आपल्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवर जो शरभ कोरलेला असतो, त्यांतहि एक युक्ति आहे. जंजिऱ्याच्या महाद्वारावरील श्वापदानें पंजांत आणि शेपटींत हत्ती पकडून ठेवलेले आहेत, आणि ते उंदरांएवढे दिसतात. श्वापद किती मोठें, हें त्याचा आकार वाढवून सांगतां आलें नसतें, कारण दगड तेवढाच होता. शेजारीं हत्ती लहान कोरला, काम झालें. ड्रॅगन अजस्र दिसावा म्हणून कागद भरून टाकणाऱ्या मुलाला हें एकदां दाखवावें, आणि मग ड्रॅगनच्या पायाशीं एक नारळाचें झाड काढावयास सांगावें.

एवढें सगळें सांगितल्यावर कोणी म्हणेल, कीं तयार चित्रें इतकीं उपलब्ध असतां पाली आणि मासे पाहण्याची उठाठेव कशाला? आज मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवितांच शंभर ड्रॅगन समोर येतात. त्यांतला एक गिरविला कीं झालें. याचें उत्तर एका गेंड्याच्या इतिहासांत आहे, आणि तो इतिहास गोव्यावरून जातो.

गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याच्याकडून १५१४ साली अल्बुकर्क या पोर्तुगीज गव्हर्नराला एक जिवंत गेंडा भेट मिळाला. तो गोव्यास आणला गेला, आणि तेथून पोर्तुगालच्या राजाकडे रवाना झाला. १५१५ च्या मे महिन्यांत तो लिस्बनला उतरला. रोमन साम्राज्याच्या पतनानंतर यूरोपांत जिवंत गेंडा असा कोणी पाहिलेलाच नव्हता, त्यामुळें त्याची वार्ता सर्वत्र पसरली. जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरीं आल्ब्रेख्त ड्यूरर या श्रेष्ठ चित्रकारापर्यंत एक वर्णन आणि एक रेखाटन पोंचलें. त्यावरून, गेंडा न पाहतां, त्यानें त्याच वर्षीं एक लांकडी ठसा तयार केला. त्यांतला गेंडा चिलखत घातलेला दिसतो. पायांवर खवले आहेत. आणि मानेमागें, खांद्यांवर, एक लहानसें पिळदार शिंग आहे, जें कोणत्याहि गेंड्याला नसतें. ड्यूररला दोष देण्यांत अर्थ नाहीं. भारतीय गेंड्याच्या कातडीला जाड घड्या असतात आणि तिच्यावर खिळ्यांच्या डोक्यांसारखे उंचवटे असतात. न पाहतां काढलेल्या चित्रांत इतकें खरें उतरावें हेंच नवल. दोष आहे तो पुढच्यांचा. त्याचें चित्र इतकें जोरकस होतें कीं प्राणिशास्त्राच्या पुस्तकांतून तेंच पुन्हा पुन्हा उतरविलें गेलें, आणि खांद्यावरचें तें शिंगहि त्याबरोबर दोन शतकांहून अधिक काळ हिंडत राहिलें. १७४१ साली क्लारा नांवाची गेंड्याची मादी हॉलंडांत आली, तिनें यूरोपभर प्रवास केला, आणि १७४९ साली ऊद्री या फ्रेंच चित्रकारानें तिला समोर पाहून रंगविलें, तेव्हां कोठें लोकांना गेंडा दिसूं लागला. मूळ गेंडा बिचारा १५१६ च्या आरंभीं पोपला नजर होण्यासाठीं जात असतां इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला होता.

या गेंड्याच्या जोडीला दुसरा एक गेंडा आहे. ऑस्ट्रियांतील क्लागनफुर्ट गांवाच्या चौकांत सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेला एक दगडी ड्रॅगन आहे. त्याचें डोकें घडवितांना शिल्पकारानें त्या भागांत सांपडलेली एक जुनी कवटी पुढें ठेवली होती, असें सांगतात. लोक तिला ड्रॅगनचीच कवटी समजत. पुढें एकोणिसाव्या शतकांत ती हिमयुगांतील लोंकरी गेंड्याची असल्याचें निष्पन्न झालें. खरा गेंडा न पाहतां काढला तेव्हां तो काल्पनिक झाला. आणि खरी कवटी समोर ठेवून काढलेल्या काल्पनिक ड्रॅगनच्या डोक्यांत खरें हाड आलें. चित्रावरून काढलेल्या चित्रांत मागच्याच्या चुका येतात, आणि त्या चुका आहेत हें कळण्याचें साधन आपल्यापाशीं उरत नाहीं. मुलाच्या हातून उतरलेल्या ड्रॅगनला पंखाच्या मुळाशीं खांदा नसतो, कारण ज्या चित्रावरून त्यानें तो घेतला त्याच्या चित्रकारानेंहि तो पाहिलेला नसतो.

तेव्हां पाहावें काय? प्रथम मांजर. तें प्रत्येक आळींत असतें आणि झोंपलेलें असतें तेव्हां तासभर हलत नाहीं. त्याच्या मागच्या पायाचा गुडघा उलटा वळलेला दिसतो. पण तो गुडघा नव्हे, ती टांच. मांजर, कुत्रा, वाघ हे बोटांवर चालतात, टांच वर उचललेली असते; खरा गुडघा त्याच्याहि वर, पोटाच्या कडेशीं असतो. घोडा तर एका बोटाच्या नखावर उभा असतो. कोंबडीचेंहि तसेंच. एवढें एक समजलें कीं निम्मे कल्पित प्राणी आपोआप सुधारतात. गरुडाचें पुढचें अंग आणि सिंहाचें मागचें अंग मिळून होणारा ग्रिफिन यूरोपांत इतका लोकप्रिय झाला, त्याचें एक कारण असें असावें कीं गरुड आणि सिंह दोघेहि बोटांवरच उभे राहतात आणि दोघांचे पंजे पकडीचे असतात. बेडूक आणि घोडा यांची जोडी इतकी सहज जमत नाहीं.

दुसरें, पंख. वटवाघुळाचा पंख म्हणजे त्याचा हात आहे. खांदा, कोपर, मनगट हीं सर्व जागच्या जागीं असतात. चार बोटें विलक्षण लांब होऊन त्यांवर कातडें ताणलेलें असतें आणि अंगठा नखासह मोकळा राहतो. छत्रीच्या काड्यांसारखीं हीं बोटें एका मनगटापासून फांकलेलीं काढलीं म्हणजे ड्रॅगनचा पंख उघडूं मिटूं लागतो. कोट्यवधि वर्षांपूर्वीं नाहींशा झालेल्या उडत्या सरपटणाऱ्या प्राण्यांत, टेरोसॉरांत, हेंच काम एकटें चौथें बोट करीत असे. कोणतीहि पद्धत घ्यावी. मात्र छाती भरदार काढावी. सामिष भोजन करणाऱ्या घरांत कोंबडीच्या छातीचें उभें पातळ हाड सर्वांनीं पाहिलेलें असतें. पंख हलविणारे स्नायु त्यालाच बिलगलेले असतात. शिवाय पंख हाच जर हात, तर चार पाय आणि दोन पंख असलेल्या ड्रॅगनला सहा हातपाय होतात. अशा ड्रॅगनला पुढच्या पायांच्या खांद्यामागें पंखाचा दुसरा खांदा द्यावा लागतो, आणि त्यासाठीं पाठ थोडी लांबवावी लागते. हें जड वाटल्यास दोनच पाय आणि दोन पंख द्यावे. यूरोपांतील ढालींवर असाहि एक ड्रॅगन असतो, त्यास वायव्हर्न म्हणतात.

खवल्यांसाठीं मासा. खवले कौलांसारखे एकावर एक बसतात आणि त्यांची मोकळी कड शेपटीकडे असते. उलट काढले तर प्राणी पुढें जातांना पाण्यानें त्याचे खवले उचकटतील. सापाच्या पोटाखालीं मात्र लहान खवले नसून आडव्या रुंद पट्ट्या असतात. सगळे खवले मोजून काढण्याच्या भानगडींत पडूं नये. अंग जेथें वळतें तेथें आणि उजेड सावलीला मिळतो तेथें थोडे काढावे. बाकीचे पाहणाऱ्याचा डोळा भरून काढतो.

मुंबईंत राहणाऱ्यांना आणखी एक शाळा उघडी आहे. छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत १८७८ ते १८८८ या काळांत बांधली गेली आणि तिच्यावरील कोरीव कामांत जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. पन्हाळीखालून बाहेर झेपावलेले दगडी प्राणी तेथें पाहावे. मंदिराच्या गाभाऱ्यांतून अभिषेकाचें पाणी बाहेर काढणारें मकरमुख आणि पावसाचें पाणी दूर फेंकणारा हा यूरोपीय धाटणीचा प्राणी, दोघांचा धंदा एकच. पाणी तोंडांतून जावयाचें म्हणून दोघांचीहि मान लांब आणि जबडा उघडा. गाडीची घाई नसलेल्या दिवशीं फूटपाथवर उभें राहून वही काढल्यास एका प्राण्याचा सांधा सहज टिपून घेतां येईल.

डोळा शेवटीं काढावा. वाघ, मांजर, घुबड अशा शिकार करणाऱ्यांचे डोळे पुढें रोखलेले असतात. ससा, हरिण, गाय यांचे दोन बाजूंस. ड्रॅगनला गाईसारखे डोळे दिले तर कितीहि जाळ काढला तरी तो गरीबच दिसेल. कधीं कधीं तसा हवाहि असतो. चीनमध्यें सहाव्या शतकांतील झांग सेंगयाव या चित्रकाराविषयीं अशी आख्यायिका आहे, कीं आजच्या नानजिंग शहरांतील आनल मंदिराच्या भिंतीवर त्यानें चार ड्रॅगन काढले आणि कोणालाच डोळे काढले नाहींत. डोळे काढले तर ते उडून जातील, असें तो म्हणे. लोकांनीं आग्रह केला. त्यानें दोघांना बुबुळें काढलीं, तोंच वीज कडाडली, भिंत भंगली आणि ते दोघे ढगांतून निघून गेले. डोळे न काढलेले दोघे भिंतीवरच राहिले.